फेसवॉश सौम्य करायचा, तर एसएलईएस (सोडियम लॉरेथ सल्फेट) किती कमी करावं?

प्रश्न: सूत्रात एसएलईएस १२% सक्रिय (पाणी वगळून शुद्ध घटक) आहे, दुसरा सर्फॅक्टंट, म्हणजे मळ काढणारा घटक, नाही. धुतल्यावर त्वचा ताणते. नुसतं ६% वर आणलं तर भागेल का?

प्रतिसाद १: थोडाफार फरक पडेल, पण फेस आणि मिश्रणाचा घट्टपणा दोन्ही जातील. त्रास मुख्यतः सर्फॅक्टंटच्या सुट्या रेणूंचा आणि लहान, अस्थिर मायसेलचा, म्हणजे त्या रेणूंच्या पुंजक्यांचा. ते त्वचेच्या वरच्या थरातल्या केराटिन या प्रथिनाला चिकटतात, थर पाण्यात फुगतो, आणि वाळताना आकसला की ओढल्यासारखं वाटतं. कोकामिडोप्रोपिल बीटेन हा सौम्य सर्फॅक्टंट मिसळला की मिश्र मायसेल मोठे होतात, सुटे रेणू घटतात. एसएलईएस ६ आणि बीटेन ४ घेऊन बघा, दोन्ही सक्रिय टक्के. १०० ग्रॅमसाठी २८% एसएलईएस २१.४ ग्रॅम, ३०% बीटेन १३.३ ग्रॅम. बाटलीवरची टक्केवारी न बघता वजन घेणं, ही नेहमीची चूक.

प्रतिसाद २: पीएच शेवटी सायट्रिक आम्लाच्या द्रावणाने ५ ते ५.५ वर आणा, थेंबाथेंबाने. घट्टपणासाठी मीठ ०.५% च्या टप्प्यांनीच घाला. एका मर्यादेपलीकडे गेलात की घट्ट झालेलं मिश्रण पुन्हा पाण्यासारखं होतं.

प्रतिसाद ३: बीटेनही सगळ्यांना चालतंच असं नाही. त्यातल्या अमिडोअमाइनसारख्या अशुद्धींची काहींना ॲलर्जी असते, तेव्हा पुरवठादाराकडून शुद्धतेचा दाखला मागा. आणि गरम पाण्याने तोंड धुणं थांबवा, त्याने कोरडेपणा वाढतोच.