जुन्या नकाशातला तलाव गेला कुठं?

भंडारा जिल्ह्यातलं गाव आमचं. आजोबांच्या पेटीत एक इंचाला एक मैल असा नकाशा सापडला. गावाच्या वरच्या अंगाला तलाव दिसतो. आता तिथं धानाच्या बांध्या. सॅटेलाइटच्या चित्राशी जुळवू कसं?

– मामा तलाव असेल, म्हणजे माजी मालगुजारी, सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या काळातला. मालगुजारी १९५१ ला गेली, मग पाळ, म्हणजे तलावाचा बांध, दुरुस्त करणार कोण? तुमचा नकाशा १:६३,३६० चा, नंतरचे १:५०,००० चे. एकावर एक ठेवू नका. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये जिओरेफरन्स करा, म्हणजे नकाशावरच्या खुणा खऱ्या जागेशी जुळवा. खुणेला देऊळ घ्या, नाल्याचं वळण नको. नाला सरकतो.

– तलाठ्याकडचा गाव नकाशाही बघा, गट नंबर कळेल.

– जुळलं भाऊ! पाळ आहेच की. रोज तिच्यावरूनच बंडी नेतो, अन् शेताचा धुरा समजत होतो.