मदत हवी आहे: वैमानिक व्हावं की नाही? (शुक्रवारपर्यंत ठरवायचंय)

भिरभिरे:
नमस्कार मंडळी. फ्लाइंग स्कूलला प्रवेश मिळालाय. शुक्रवारी पहिला हप्ता भरायचा आहे, तो परत मिळणार नाही. पैशांची जुळवाजुळव झाली आहे, त्यामुळे ते सल्ले नकोत. प्रश्न एवढाच: झोपेचा आणि घराचा जो खेळखंडोबा होतो म्हणतात, तो सोसण्याइतकं या नोकरीत काही आहे का? 'मनाचं ऐका' छापाची उत्तरं कृपया देऊ नका. जरा लवकर.

शंकासुर:
वय? शिक्षण? घरी कोण कोण? मेडिकल झालंय का? प्रवासी विमानं, मालवाहू की हेलिकॉप्टर? नुसतं 'वैमानिक' म्हणजे काय समजायचं आम्ही?

आळशी_गरुड:
चष्मा असेल तर विसरा. माझ्या मावसभावाला तिथेच बाद केलं होतं.

उजवी_खुर्ची:
@आळशी_गरुड, ही अफवा मरत का नाही? चष्मा लावून प्रत्येक डोळ्याची नजर 6/9 आणि दोन्ही मिळून 6/6 भरली की पुरतं. फक्त जादा चष्मा हाताशी ठेवावा लागतो. माझ्या फ्लाइट बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात तो आठ वर्षं पडून आहे, एकदाही काढलेला नाही. लोक अडकतात ते बहुधा रंगांच्या चाचणीत, ठिपक्यांमधला आकडा ओळखायचा असतो तिथे.

भिरभिरे:
प्रवासी विमानंच, अजून काय असणार! वय 34. मेडिकल नंतर करतात ना?

शंकासुर:
34 हे आधी सांगायचं, राजा.

उजवी_खुर्ची:
'नंतर' नाही. आधी. क्लास वन मेडिकल (व्यावसायिक वैमानिकाच्या आरोग्य तपासणीचं प्रमाणपत्र) हातात आल्याशिवाय एक पैसाही भरू नका. हप्ता भरून झाल्यावर ईसीजीत काही निघालं तर शाळा तुमचे अश्रू पुसायला येणार नाही.
आणि हे मेडिकल एकदा झालं की सुटलो, असं नाही. दरवर्षी असतं, साठीनंतर सहा महिन्यांनी. शिवाय दर सहा महिन्यांच्या आसपास सिम्युलेटरमध्ये परीक्षा. टेकऑफचा वेग गाठला की नेमकं इंजिन जातं, नाहीतर आग लागते. मला त्याच्या आदल्या रात्री अजूनही धड झोप लागत नाही.

तंत्रवेडा:
पण विमान ऑटोपायलटच चालवतो ना? दहा वर्षांत कॉकपिटमध्ये माणूस लागणारच नाही. पैसे वाया. त्यापेक्षा ड्रोनचा कोर्स करा, मी केलाय.

उजवी_खुर्ची:
ऑटोपायलट आपण सांगू तेवढंच करतो. प्रवासी विमानाचा टेकऑफ आजही जवळपास नेहमी हातानेच होतो, लँडिंगही बहुतेक वेळा. ऑटोलँड, म्हणजे विमानाने आपोआप उतरणं, दाट धुक्यासारख्या वेळी कामी येतं, तेही विमान, धावपट्टीवरची यंत्रणा आणि वैमानिक तिघेही त्यासाठी पात्र असतील तर.

तंत्रवेडा:
'आजही' म्हणालात. बघा.

डावीकडून_निवृत्त:
तुम्हा दोघांचं चालू द्या. भिरभिरे, मी कॅप्टन होतो, 65 ला खुर्ची सोडली. दोन वैमानिकांच्या आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणांना तीच वयोमर्यादा आहे. तुम्ही 36-37 ला सहवैमानिक झालात तर हातात 28 वर्षं. वाईट नाही. पण बऱ्याच कंपन्यांत सगळं ज्येष्ठतेच्या क्रमांकावर ठरतं: सुट्टी, रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक), कॅप्टनपद. पंचविशीतली पोरं तुमच्या वर असतील. कंपनी बदलली की पुन्हा शेपटाला.
परवाना आणि नोकरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही धरून चाला. 200 तासांचा व्यावसायिक परवाना घेऊन घरी बसलेले खूप आहेत. त्यावर टाईप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता), तेही कित्येकदा स्वतःच्या खिशातून. 2020 मध्ये विमानं जमिनीवर आली तेव्हा चांगली चांगली माणसं बिनपगारी बसली. प्रवासी घेऊन उडत राहायचं तर 90 दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग व्हावे लागतात, तेही होईनात.
झोपेचं म्हणाल तर, पहाटे चारला कॉकपिटमध्ये डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, त्याची सवय होत नाही. सवय झाली म्हणणारा खोटं बोलतो. आणि मग ढगांच्या वरून सूर्य उगवतो आणि गाढव पुन्हा खूश!

मोरपीस:
मी वैमानिकाची बायको, म्हणून घरातली बाजू. आमच्या फ्रिजवर दोन कॅलेंडरं आहेत, एक जगाचं आणि एक याच्या रोस्टरचं. मुलाचा वाढदिवस रोस्टरवर पडेल त्या दिवशी होतो. पाच वर्षांचा होईपर्यंत त्याला वाटायचं की वाढदिवस दरवर्षी सरकतोच. नळ फुटणं, ताप येणं हे सगळं बाबा ले-ओव्हरला (दोन उड्डाणांमधल्या परगावच्या मुक्कामाला) असतानाच. पण घरी असतो तेव्हा पूर्ण घरी असतो. ऑफिसचं काम घरी आलेलं मी कधी पाहिलं नाही. मी पुन्हा याच्याशीच लग्न करीन का? आज विचारू नका, आज तो स्टँडबायवर (कंपनीचा फोन आला की निघायचं) आहे.

खिडकीपाशी:
अवांतर: विमान उतरताना माझे कान फार दुखतात. काय करावं?

आळशी_गरुड:
जांभई द्या किंवा काहीतरी चघळा. आणि मावसभावाचं खरंच झालं होतं.

शंकासुर:
@भिरभिरे, घरी कोण कोण, हे अजून सांगितलेलं नाही. मुद्दाम टाळताय का?

भिरभिरे:
बायको आणि चार वर्षांची मुलगी. बायकोची नोकरी आहे. टाळत नव्हतो, तिला अजून नीट सांगितलेलं नाही.

शंकासुर:
मग आम्हाला काय विचारताय!

भिरभिरे:
काल रात्री तिला हा धागाच वाचायला दिला. भांडण झालं नाही, पण बराच वेळ ती मोरपीस यांच्याच प्रतिसादावर थांबली होती. मेडिकलची वेळ पुढच्या बुधवारची मिळाली आहे. शाळेला मुदत वाढवून मागितली, नाही म्हणाले. शुक्रवार सोडला, पुढच्या बॅचचं बघू. तिचा एकच प्रश्न आहे: स्टँडबायच्या दिवशी मुलीला शाळेतून आणायला जाता येतं का?

मोरपीस:
जाता येतं. पण परत आणायला दुसरं कुणीतरी ठरवून ठेवावं लागतं.