मदत हवी आहे: ‘कोच’ मराठीत शिकवणारा कधी झाला?

इंग्रजीतला प्रवास बऱ्यापैकी स्पष्ट आहे. हंगेरीतलं कोच नावाचं गाव १५व्या शतकापासून घोडागाड्यांसाठी प्रसिद्ध. तिथली गाडी ती ‘कोची’. त्यावरून जर्मन ‘कुत्शे’, फ्रेंच ‘कोश’ आणि १६व्या शतकात इंग्रजी ‘कोच’. १८३०च्या आसपास ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षेतून पार नेणाऱ्या खाजगी शिकवणीवाल्याला गमतीने कोच म्हणू लागले. खेळातला प्रशिक्षक त्यानंतरचा, १८६०च्या दशकातला.

मराठीत मात्र गुंता आहे. रेल्वेचा कोच आणि टांग्याचा कोचवान याच घराण्यातले. दिवाणखान्यातला कोच वेगळा: तो ‘काउच’चा अपभ्रंश, मूळ फ्रेंच ‘कुशे’, म्हणजे आडवं होणं. स्कॅन केलेल्या जुन्या अंकांत नुसतं ‘कोच’ शोधलं की हे सगळे, शिवाय कोच बिहारही, एकत्र येतात. ‘कोचिंग’ शोधणं जास्त फायद्याचं, कारण फर्निचर आपोआप गळतं. शोधयंत्र ‘च’ला ‘व’ वाचतं, म्हणून ‘कोव’ही टाकून बघा.

हवं ते एवढंच: शिकवणीच्या किंवा खेळाच्या अर्थाने ‘कोच’/‘कोचिंग’ असलेला, १९६० पूर्वीचा छापील मराठी मजकूर. सोबत नियतकालिकाचं नाव, महिना-वर्ष, पान क्रमांक आणि पूर्ण वाक्याचा फोटो. नुसता शब्द कापून पाठवला तर अर्थ ठरवता येत नाही. पुनर्मुद्रण असेल तर मूळ आवृत्तीचं साल बघा. नव्या आवृत्तीत शब्द बदललेले असू शकतात. आठवणीतले दाखले कृपया नकोत.

आणि क्रीडापानांवर ‘मार्गदर्शक’ जाऊन ‘प्रशिक्षक’ कधी रुळला, याचा दाखला मिळाला तर तोही चालेल.