मदत हवी आहे: महामार्गाच्या संयुक्त मोजणीत आंब्याची कलमं आणि विहीर सुटली, दाद कुणाकडे मागायची?

नमस्कार मंडळी,

आमचं घर कोकणात, मुंबई-गोवा महामार्गाला लागून. मी डोंबिवलीला असते, घरी काकू एकट्याच, वय 74. पहिल्या चौपदरीकरणात अंगणापुढची जागा गेली, तिचे पैसे मिळाले, त्याबद्दल काही म्हणणं नाही. आता सेवा रस्त्यासाठी आणखी साडेसहा गुंठे जाणार आहेत. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आतली हापूसची कलमं आणि चिऱ्यांनी बांधलेली विहीर त्यातच येते.

संयुक्त मोजणीला भूमि अभिलेखचे भूकरमापक, कृषी खात्याचे एक जण आणि रस्त्याच्या कामावरची दोन माणसं आली होती. काकूंनी सगळ्यांना चहा दिला. त्यांच्यासमोरच कलमांच्या खोडांवर लाल रंगाने आकडे घातले, 1 ते 9. आजही ते स्पष्ट वाचता येतात, फक्त 7 चा रंग जरा ओघळलाय. मागच्या महिन्यात मोबदला ठरवणाऱ्या निवाड्याची नोटीस आली. सोबतच्या तक्त्यात लिहिलंय ‘आंबा कलमी – 4’. विहिरीचा उल्लेखच नाही. नोटीस आली तीही 1989 साली वारलेल्या आजोबांच्या नावाने.

तीन खेपा घातल्या. भूसंपादन शाखेत सांगितलं, तक्ता मोजणीवाल्यांनी दिला, आम्ही त्यावरून निवाडा केला. मोजणी कार्यालयात म्हणाले, आम्ही जमीन मोजतो, झाडं कृषीवाले मोजतात. महामार्गाच्या कार्यालयात म्हणाले, पैसा केंद्राचा, पण मोबदला ठरवणं महसूलचं काम. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर असेलही. पण काकूंनी अर्ज द्यायचा कुणाला?

मला समजलंय ते असं. संपादन राष्ट्रीय महामार्ग कायदा 1956 खाली आहे. अधिसूचना केंद्राच्या राजपत्रात निघते, त्या कायद्याच्या कलम 3ड ची घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारची होते. पण सक्षम प्राधिकारी म्हणून काम करतात ते राज्याचे प्रांत (महसूलचे उपविभागीय अधिकारी). जमिनीची मोजणी भूमि अभिलेख करतं, फळझाडांचं मूल्यांकन कृषी खातं, जंगली झाडांचं वनखातं, घराचं बांधकाम खातं, म्हणजे सगळी राज्याचीच माणसं. आमच्याकडे तर रस्ताही राज्याकडेच आहे. पनवेल ते इंदापूर हा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, तिथून खाली झारापपर्यंत राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग केंद्राच्या वतीने काम बघतो. इतकी खाती एका कामाला लागलीत, आणि पाच कलमं कुठे गेली हे एकालाही सांगता येत नाही, याचा फार त्रास होतो. ही कलमं काकांनी लावलीत. पहिली काही वर्षं उन्हाळ्यात काकू त्याच विहिरीतून कळशीने पाणी घालायच्या.

तर जाणकारांनी कृपया सांगावं. निवाडा जाहीर झाल्यावर प्रांतांना त्यात दुरुस्ती करता येते का, की थेट लवादाकडेच जावं लागतं? दुसरं, सातबाऱ्यावर अजून अकरा नावं सामाईक आहेत. त्यातले पाच वारलेत, वारसनोंदी झालेल्या नाहीत. एका चुलतभावाने मोबदला वाटपाला हरकत घेतलीय. त्यामुळे झाडांचंही अडकेल का?

प्रतिसाद

ताई, मी भूमि अभिलेखमध्ये नोकरी करून निवृत्त झालो. आधी दोन कागद मिळवा: संयुक्त मोजणी तक्त्याची प्रमाणित प्रत आणि त्या दिवशीचा जागेवरचा पंचनामा. अर्ज करून मिळाले नाहीत तर माहिती अधिकारात मागा. पंचनाम्यात 9 आणि तक्त्यात 4 असेल, तर ती उतरवून घेतानाची चूक आहे. मग लढाई निम्मी सोपी होते. प्रांतांकडे फेरतपासणीचा अर्ज द्या, प्रत महामार्ग विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांना. दोन्हीकडची पोच घ्या. सुटलेल्या झाडांसाठी आणि बांधकामांसाठी पूरक निवाडा झालेली प्रकरणं मी पाहिली आहेत.

वारसनोंदी मात्र आजच सुरू करा. त्या फेरफाराला कुणी अडवलेलं नाही, तुम्हीच थांबला आहात. स्पष्ट बोलतोय, राग मानू नका.

प्रतिसाद

वरच्या काकांशी सहमत, पण अर्जावर विसंबून राहू नका. रक्कम मान्य नसेल तर 3ग(5) खाली लवादाकडे अर्ज करता येतो. लवाद केंद्र सरकार नेमतं. पुष्कळ ठिकाणी ते जिल्हाधिकारी किंवा अपर आयुक्तच असतात, म्हणजे तिथेही राज्याचाच अधिकारी. लवादाने रक्कम वाढवली तर वाढीव रकमेवर ताबा घेतल्या तारखेपासून 9 टक्के व्याज देता येतं. त्याचाही निर्णय पटला नाही तर लवाद कायद्याच्या कलम 34 खाली जिल्हा न्यायालय, पण मुदत 3 महिन्यांची, जास्तीत जास्त 30 दिवस माफ होतात. ती चुकवू नका.

एक हिशेब लक्षात ठेवा. 1 जानेवारी 2015 पासून महामार्गाच्या संपादनालाही 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मोबदला लागू आहे. झाडं आणि विहीर यांची किंमत जमिनीच्या किमतीत मिळवून त्या सगळ्यावर 100 टक्के दिलासा रक्कम मिळते. म्हणजे एक कलम तक्त्यातून सुटलं की त्याच्या दुप्पट रक्कम गेली.

चुलतभावाची हरकत वेगळी गोष्ट आहे. वाटणीचा वाद प्रांत दिवाणी न्यायालयाकडे पाठवतात, 3ह(4). मोबदला किती हा प्रश्न त्याने थांबत नाही. उलट भावालाच सांगा, कलमं नऊ लागली तर त्याचाही वाटा वाढतो. पैसे उचलायची वेळ आली तर ‘लवादाकडे जाण्याचा हक्क राखून’ असं लिहूनच सही करा. कोऱ्या संमतीपत्रावर अजिबात नको.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी गावी जाऊन आले. वारसनोंदीचा अर्ज दिला. चूक आमचीच होती, वर्षानुवर्षं आज-उद्या करत राहिलो. चुलतभावाला फोन केला. हरकत मागे घेत नाही म्हणाला, पण झाडांच्या अर्जावर सही करायला तयार आहे.

पंचनाम्याची प्रत मिळाली. त्यात खरंच ‘आंबा कलमी 9’ आहे. 9 चा आकडा पेनाने गिरवलेला आहे, पण शेजारी अक्षरी ‘नऊ’ लिहिलंय. विहीर पंचनाम्यातही नाही. काकू म्हणतात, त्या दिवशी विहिरीवर माडाच्या झावळ्यांची झापं टाकली होती, पालापाचोळा पडू नये म्हणून. बहुधा कुणी उचलून बघितलंच नाही.

आता तातडीचं विचारायचंय. आमच्या हद्दीपर्यंत जेसीबी आलाय. मुकादम काकूंना म्हणाला, दोन दिवसांत झाडं काढतो. 3इ प्रमाणे मोबदला जमा झाल्यावर ताब्याची नोटीस आणि 60 दिवस मिळायला हवेत ना? अशी नोटीस आलेलीच नाही. खोडांवरच्या आकड्यांचे आणि विहिरीचे फोटो तारखेसकट काढून ठेवलेत. पण झाडं पडायच्या आत जागेवर पुन्हा पंचनामा करून घ्यायचा तर अर्ज उद्या सकाळी प्रांतांकडे द्यायचा की आधी ग्राम महसूल अधिकाऱ्यांना (तलाठ्यांना) बोलवायचं? मी आज रात्री गावीच आहे, कृपया लवकर कळवा.