जिप्सीचं स्टिअरिंग 65 च्या पुढे थडथडतं, नवीन डॅम्पर टाकूनही तेच

वाईची_जिप्सी:
गाडी 2004 ची, सॉफ्ट टॉप. बाबांनी घेतलेली, गेली तीन वर्षं मी चालवते. वाई-पुणे महिन्यातून दोनदा, आणि पावसाळ्यात धोम-जोरकडच्या कच्च्या वाटा.

गेल्या महिन्यात पुण्याला जाताना नीरा नदीच्या पुलावर, जोडाच्या पट्टीवरून चाक गेलं आणि स्टिअरिंग हातात असं काही हलायला लागलं की पुढचा आख्खा भाग सुटून पडतोय असं वाटलं. वेग 65-70 असेल. मागे ट्रक होता. ब्रेक मारायची हिंमत झाली नाही, ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग धरून ठेवलं आणि कडेला आले. 40 च्या खाली आल्यावर आपोआप थांबलं. बाबा शेजारी होते. त्या दिवसापासून त्यांना ही गाडी विकायची आहे. मला नाही विकायची.

आतापर्यंत केलेलं: चारही चाकांचं बॅलन्सिंग, अलाइनमेंट दोनदा, नवीन स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा शॉक ॲब्सॉर्बर). डॅम्पर टाकल्यावर दहा-बारा दिवस बरं वाटलं, परवा पुन्हा तेच. टायर 215/75 आर 15, दोन वर्षांपूर्वीचे. पुढचे शॅकल (पाट्याच्या स्प्रिंगचं टोक चेसिसला जोडणारे झुलते दुवे) आधीच्या गॅरेजवाल्याने थोडे लांब टाकलेत. आता तो म्हणतो स्टिअरिंग बॉक्स बदला. एवढा खर्च करण्याआधी विचारते आहे. नेमकं शोधायचं कसं?

लाल_माती:
ताई, रिमच्या आतल्या बाजूला हात फिरवून बघा. आमच्याकडे सिंधुदुर्गात पावसात फिरून आलं की आत चिखल बसतो, वाळला की दगड. बॅलन्सिंगचे पैसे वाया. आणि कच्च्या रस्त्यावर कमी केलेली हवा परत भरली होती ना?

वाईची_जिप्सी:
रिम धुतलेत, हवाही बरोबर आहे. शिवाय बॅलन्सिंगची थरथर एका ठरावीक वेगाला येते आणि जाते, ती मला ओळखू येते. हे वेगळं आहे. खड्डा किंवा जोड लागला तरच सुरू होतं, आणि एकदा सुरू झालं की वेग पार उतरेपर्यंत थांबत नाही.

जुना_मेस्त्री_कोल्हापूर:
पोरी, निम्मं निदान तूच केलंस. जोडावर सुरू होतं आणि थांबत नाही, म्हणजे पुढच्या अखंड ॲक्सलमध्ये कुठेतरी ढिलाई आहे. बॉक्सला आत्ता हात लावू नकोस. आणि डॅम्परने दहा दिवस बरं वाटलं हीच मला जास्त काळजीची गोष्ट वाटते. डॅम्पर ढिलाई काढत नाही, झाकतो. झाकलेल्या गाडीने माणूस बेधडक 80 ला जातो.

आधी चाकं जमिनीवरच ठेव. एकाला आत बसव, स्टिअरिंग अकरापासून एकपर्यंत, तेवढंच डावी-उजवीकडे हलवायला सांग. तू खाली वाकून प्रत्येक टायरॉड एंडवर (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचं टोक), ड्रॅग लिंकच्या (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे येणारा दांडा) दोन्ही टोकांवर हात ठेव. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं. बॉक्स चेसिसला जिथे बोल्ट केलाय तिथेही बघ, जुन्या गाडीत तिथे तडा सापडतो. पाट्यांचे बुश आणि यू-बोल्टही हाताखालून घाल.

मग पुढचा ॲक्सल जॅकने उचलून घोडीवर घे. चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलव. खेळ, म्हणजे ढिलाई, जाणवला तर आतल्याला ब्रेक दाबून धरायला सांग. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर हबचं बेअरिंग. तरीही राहिला तर किंगपिन, म्हणजे ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं ती खुंटी.

आणि हलवून काहीच खेळ नाही मिळाला तरी किंगपिन निर्दोष धरू नकोस. इथेच बहुतेक गॅरेजवाले फसतात. या गाडीत नकलच्या, म्हणजे चाकासोबत वळणाऱ्या ॲक्सलच्या टोकाच्या भागाच्या, वर-खाली टेपर बेअरिंग आहेत आणि ती थोडी घट्ट हवी असतात. चाक एका बाजूला फेकलं गेलं की कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, त्याला परत मध्ये ओढतो, ते मध्याच्या पलीकडे जातं, पुन्हा ओढलं जातं, आणि टायरॉडमुळे दुसरं चाकही त्याच नाचात सामील. हा झोका मारणारी गोष्ट म्हणजे किंगपिनचा घट्टपणा. तो संपला की हाताला खेळ न लागताही गाडी थडथडते.

तो मोजता येतो. चाक काढ, टायरॉड आणि ड्रॅग लिंक सोडव, नकलच्या मागची मोठी सील सोडवून मागे सरकव. टायरॉडच्या भोकात स्प्रिंगचा ताणकाटा अडकव, मासे तोलायचा चालतो, आणि नकल फिरायला लागेपर्यंत ओढ. सीलशिवाय 1 ते 1.8 किलो यायला हवं. कमी आलं तर किंगपिनखालचे पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) कमी करून घट्ट करतात. पण आधी बेअरिंग उघडून बघ. घासलेल्या बेअरिंगवर शिम काढणं म्हणजे पुन्हा झाकणंच.

डोंगरवाटा:
शॅकलबद्दल थोडं. जिप्सीत पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला आहे. तो लांब केला की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, ॲक्सल पुढे झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. स्टिअरिंग सरळ यायला आळस करतंय का? ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये पाचर घालून सुधारता येतं. पाटा ॲक्सलच्या खाली असेल तर जाड बाजू पुढे. त्याने डिफरेन्शियलचं तोंड खाली वळतं, म्हणून पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोनही तपासा.

वाईची_जिप्सी:
काका, रविवारी उघडलं. बाबा स्टिअरिंगवर, मी खाली. टायरॉड एंड चारही ठीक. ब्रेक दाबून हलवलं तर डाव्या चाकाला अगदी बारीक टक् असा आवाज, उजव्याला काही नाही.

वाईच्या बाजारातून ताणकाटा आणला. उजवीकडे 1.2 किलो. डावीकडे काटा अर्ध्या किलोवरही पोचला नाही, नकल नुसतं बोटाने फिरत होतं. खालचं किंगपिन काढलं तर ग्रीसच्या जागी तपकिरी पाणी. सील फाटलेली, बहुतेक ओढ्यातून गेले तेव्हा पाणी आत गेलं. बेअरिंगच्या कपावर रोलरच्या खाचा पडल्या होत्या, नखाला लागत होत्या. सरळ पुढे जाताना रोलर त्या खाचांत बसून राहत असणार.

दोन्ही बाजूंना वर-खाली नवीन बेअरिंग आणि सील टाकल्या. डावीकडे पहिल्या जुळणीत 0.8 आलं, एक शिम काढला, 1.4 झालं. दोन्हीकडे तेवढंच ठेवलं. स्टिअरिंग आधीपेक्षा किंचित जड लागतंय, ते चालेल.

तुम्ही म्हणालात डॅम्पर झाकतो, म्हणून डॅम्पर काढून आधी गावातल्या रस्त्यावर, मग पहाटे रिकाम्या सर्व्हिस रोडवर 50 पर्यंत नेली. खडबडीत पट्टीवर मुद्दाम घातली. एक झटका येतो आणि तिथेच विरतो. डॅम्पर परत लावून मग नीरेच्या पुलावर गेले, 65 ला. बाबा शेजारी होते, दाराची मूठ पुलाच्या पलीकडे गेल्यावर सोडली.

जुना_मेस्त्री_कोल्हापूर:
छान केलंस. 500 किलोमीटर झाले की ताणकाटा पुन्हा लाव, नवीन बेअरिंग बसतात आणि थोडी सैल होतात. ओढ्यातून गेलीस की नकलमध्ये पाणी शिरलंय का ते लगेच त्याच आठवड्यात बघत जा.

वाईची_जिप्सी:
हो काका. मूळ मापाचे शॅकल मागवलेत, ते आले की दोन्ही कामं एकदमच करते.