थाळनेर किल्ल्याच्या दिंडीतली हातघाई: निकाल कसा लावायचा?

तापीकाठ, शिरपूर
राम राम मंडळी. २७ फेब्रुवारी १८१८ चा थाळनेरच्या किल्ल्यावरचा इंग्रजांचा हल्ला टेबलावर, छोट्या शिपायांच्या युद्धखेळात मांडतोय. २८ मि.मी.चे शिपाई, त्यांच्या पायाखाली २० मि.मी.चे चौकोनी बेस, एकीकडे इंग्रज सेनापती हिस्लॉपची फौज, आत किल्ला राखणारी अरब शिबंदी. सध्याचा नियम असा: भिडलेल्या तुकडीतला प्रत्येक जण एक फासा टाकतो, ४ किंवा जास्त आले की समोरचा एक बाद. २० जण दिंडीपाशी (मोठ्या दरवाजातल्या लहान दारापाशी) पोचले की पहिल्याच फेरीत आतले १० साफ. मोकळ्यावर २० विरुद्ध २० लावले तर दोन्हीकडे १०, मग ५, मग २-३ असं शेवटच्या माणसापर्यंत चालतं, पळत कुणीच नाही. काय बदलू?

फासे_जळगाव
भाऊ, फासे माणसं मोजून नको, रुंदी मोजून द्या. बेसला बेस टेकलेला पूर्ण धरायचा, त्याच्या मागची रांग अर्धी, त्यामागचे शून्य.
दिंडी ४० मि.मी. कापा. त्यातून चढणारे दोघेच शेजारी शेजारी आत निघतात: २ फासे, मागच्या रांगेचा १, एकूण ३. आतले मात्र समोरून २ आणि दोन्ही बाजूंनी एकेक असे ४ टेकतात. कोपऱ्याला कोपरा धरलात तर ६ होतात, म्हणून हे डाव सुरू होण्याआधीच ठरवा, नाहीतर तिथेच वाद होतो. मी ४ धरीन.
प्रत्यक्षातही दिंडीतून पुढे गेलेले मोजकेच लोक आत कापले गेले, हिस्लॉपचे अधिकारी मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर त्यांतच पडले. नियमाने तेवढं तरी दाखवायलाच हवं.

बुरूज
रुंदीचं पटलं, पण पळण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. हातघाईचा निकाल मुडद्यांवर कमी आणि धीरावर जास्त लागतो. पुष्कळदा एक बाजू भिडण्याआधीच कच खाते. म्हणून क्रम असा ठेवा: चाल मोजा, बचावणाऱ्याचा बंदुकांचा एक बार, मग चढणाऱ्याची धीर-चाचणी (तुकडी टिकते की कच खाते ते फाशाने पाहायचं), मग बचावणाऱ्याची. दोघे टिकले तरच फासे.
फेरीत ज्याचे जास्त पडले तो हरला. मग दोघांनी एकेक फासा टाकायचा, जिंकलेल्याला +१. बेरीज हरलेल्याची कमी आली तर तो एक चाल मागे, विस्कळीत. +१ ने ३६ पैकी २१ वेळा जिंकलेला वर राहतो, ५ वेळा बरोबरी, १० वेळा हरलेला तग धरतो. बगलेवरून आलात तर आणखी +१, म्हणजे २६, ४, ६. याच्या वर जाऊ नका. +३ ला हरलेल्याच्या हातात ३६ पैकी ३ च उरतात, मग फासा टाकायचा कशाला?
बरोबरी आली तर आणखी एक फेरी. पुन्हा बरोबरी आली तर चढणारा मागे.

तापीकाठ, शिरपूर
नाना, मागे कुठे? दिंडीत पाठीमागे आपलीच रांग उभी असते.

बुरूज
तिथेच नियम कडक हवा. मागची तुकडी आधी सरकते. तिला जागा नसेल तर पुढचे जेवढे अडकतील तेवढे बाद, आणि मागच्या तुकडीची धीर-चाचणी. म्हणून दिंडीमागे निदान एक चाल मोकळी ठेवून दुसरी तुकडी उभी करायची. आतल्या शिबंदीला मागे तट असेल तर तिला माघारीचा फासाच नको, ती जागेवर लढते.

फासे_जळगाव
आणि पाठलाग सक्तीचा करा, पण अर्धीच चाल. पूर्ण चाल दिली की जिंकलेली तुकडी एका फेरीत अख्खा किल्ला ओलांडते.