शब्दचर्चा : ‘कैवार’, ‘वकिली’ की ‘पाठपुरावा’?

प्रश्न : अंध विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचे माहितीपत्रक मी मराठीत आणीत आहे. त्यात ‘अ‍ॅडव्होकसी’ (हक्कांसाठी बाजू मांडणे) आणि ‘सपोर्ट सर्व्हिसेस’ ही दोन कामे शेजारी-शेजारी येतात. पहिल्यासाठी मी ‘कैवार’ आणि दुसऱ्यासाठी ‘मदतकार्य’ असे शब्द योजले होते. परंतु संस्थेतील एका अंध प्राध्यापिकाबाईंनी मसुदा ऐकून दोन्हींना हरकत घेतली. याहून योग्य शब्द कोणते? ‘वकिली’ चालेल का?

उत्तर : बाईंची हरकत मला रास्त वाटते. कैवार नेहमी दुसऱ्याचा घेतला जातो. ‘तिने स्वतःचा कैवार घेतला’ हे वाक्य कानाला खटकते, कारण कैवारी समर्थ आणि ज्याचा कैवार घ्यायचा तो दुबळा, हे त्या शब्दात गृहीतच असते. अंधांच्या हक्कांची चळवळ मात्र पुष्कळ अंशी अंध व्यक्तींनीच उभी केली आहे. भारतात १९७० साली स्थापन झालेली ‘नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड’ ही संघटना हे त्याचे ठळक उदाहरण. ‘वकिली’ न्यायालयात शोभते, पण बाहेर आली की ‘त्याची वकिली करू नकोस’ असा आरोपाचा सूर तिला चिकटतो. ‘तरफदारी’त पक्षपात उघडच आहे, आणि ‘पैरवी’ हिंदीत रुळलेला असला तरी मराठी वाचकाला परका वाटेल.

माझा कौल ‘पाठपुरावा’ या शब्दाला आहे. एखाद्याची पाठ राखणे, त्याच्या बाजूने बळ लावणे, हा त्याचा एक अर्थ. आणि कचेरीत दिलेला अर्ज तडीस जाईपर्यंत त्याच्या मागे राहणे, हा आज अधिक परिचित असलेला दुसरा. या कामाला दोन्ही लागतात. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी लेखनिक (सांगितलेली उत्तरे लिहून देणारी व्यक्ती) घेणाऱ्या परीक्षार्थीला दर तासामागे किमान २० मिनिटे जादा वेळ देण्याची तरतूद केली. पण कागदावरची ही तरतूद परीक्षेच्या खोलीपर्यंत पोचावी म्हणून कुणालातरी महाविद्यालयाच्या कार्यालयात पुन्हापुन्हा जावे लागते. मुख्य म्हणजे, आपल्या अर्जाचा पाठपुरावा आपल्याला स्वतः करता येतो.

‘मदतकार्य’ मात्र सोडूनच द्यावे. तो शब्द पूर आणि भूकंप यांच्याबरोबर येतो, आणि देणाऱ्याच्या उदारपणाची आठवण करून देतो. लेखनिक मिळणे हा उपकार नव्हे. ‘साहाय्यसेवा’ हा शब्द चालण्याजोगा आहे (‘सहाय्य’ नव्हे, ‘साहाय्य’), तरी शक्य तेथे सेवेचे नावच लिहावे, असे मी सुचवीन : लेखनिक मिळवून देणे, पाठ्यपुस्तकांच्या ध्वनिप्रती आणि ब्रेल प्रती करणे, पांढऱ्या काठीने एकट्याने ये-जा करण्याचे प्रशिक्षण. ज्या विद्यार्थ्याला सेवा हवी आहे, तो ही नावे शोधतो. ‘साहाय्यसेवा’ शोधत नाही.

पुरवणी : पत्रकात ‘अंध’ आणि ‘दृष्टिबाधित’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले असतील, तर तेही तपासावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अंधत्व आणि अल्पदृष्टी यांच्या व्याख्या वेगळ्या आहेत, आणि दोघांच्या गरजाही वेगळ्या असतात : अल्पदृष्टी असलेल्या मुलीला मोठ्या अक्षरांतली प्रश्नपत्रिका पुरेल, अंध मुलीला ती निरुपयोगी. दोन्ही गट अभिप्रेत असतील तेथे ‘दृष्टिबाधित’ लिहावे, आणि जेथे अंधच म्हणायचे आहे तेथे ‘अंध’ लिहायला संकोचू नये. शुद्धलेखनाचा एक मुद्दा : ‘दृष्टिबाधित’मध्ये ‘ष्टि’ ऱ्हस्व, पण ‘अल्पदृष्टी’त ती अखेरीस आल्याने दीर्घ.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. ‘विद्यार्थ्यांच्या वतीने हक्कांचा पाठपुरावा’ अशी नवी ओळ करून मी ती बाईंना वाचून दाखवली. त्यांनी ‘पाठपुरावा’ लगेच मान्य केला, परंतु ‘वतीने’ काढून ‘विद्यार्थ्यांसोबत’ असे करायला सांगितले. ओळ आता तशीच छपाईला जाईल.